छत्रीच्या मैदानावरचं कुत्रं

मागच्या दिवाळीत पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो आणि त्याची बायको सुट्टी काढून स्कायडायव्हिंगला गेले होते, सोबत त्यांची लॅब्रेडोर होती, आणि गेटवरच्या माणसानं कुत्रीला आत सोडलं नाही. भाच्याच्या आवाजात राग होता. ‘मामा, तुम्ही अशा ठिकाणी काम केलंय. कुत्र्याला मनाई करतात हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.’

मी म्हटलं, बरोबर आहे. तो गप्पच झाला, कारण माझा कुत्र्यांवरचा जीव त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

मराठवाड्यातल्या आमच्या बाळापूर गावात मला सगळे ‘मेजर’ म्हणतात. मी हवालदार म्हणून घरी आलो, पण आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मायेनं मेजरच म्हणतात. आग्र्याला पाच उड्या पूर्ण करून छातीवर पंख लावले. पेन्शनवर आल्यानंतर साडेचार वर्षं एका खासगी स्कायडायव्हिंग केंद्रात उतरायच्या मैदानाची राखण केली आणि छत्र्यांचं, म्हणजे पॅराशूटचं, पॅकिंग केलं. तिथं कुत्र्यांच्या बाबतीत जे शिकलो ते फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहितो.

१. उतरणाऱ्याला थांबता येत नाही

गावात छत्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं रुईची म्हातारी येते, वाऱ्यावर तरंगत येणारी. पुण्याच्या शीतल महाजनांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली, तो व्हिडिओ आमच्याकडे घरोघर पाहिला गेला. त्यातही लोकांच्या लक्षात राहिलं ते तरंगणंच.

खरा हिशेब वेगळा आहे. दहा हजार फुटांवर विमान सोडलं की माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो. पाच हजारांच्या सुमारास छत्री उघडते. फौजेतली जुनी गोल छत्री जवळजवळ सरळ खाली आणायची. पाय जोडायचे, जमीन लागली की लोळण घ्यायची, संपलं. खेळाची छत्री चौकोनी असते आणि ती पुढं पळते. वाऱ्याकडे तोंड करून यायचं, जमीन जवळ आली की दोन्ही हातांतल्या दोऱ्या बरोबरीनं खाली ओढायच्या, मग तिचा वेग मरतो आणि पाय हलके टेकतात. सगळं त्या शेवटच्या दोन-तीन सेकंदांवर असतं. तेवढ्यात समोर काही आलं तर थांबायची सोय नाही. एकच दोरी ओढून वळायला गेलं तर छत्री त्या अंगाला कलते आणि उंची एकदम खाते. हजार फुटांवर हे वळण खेळ असतो. तीस फुटांवर तेच वळण माणसाला जमिनीवर आपटतं. या खेळातले बरेच मोठे अपघात फाटक्या किंवा न उघडलेल्या छत्रीनं होत नाहीत. नीट उघडलेल्या छत्रीखाली, जमिनीजवळ घेतलेल्या अशा वळणानं होतात.

लोकांना वाटतं की कुत्र्याला मनाई ते चावेल म्हणून असते. मनाईचं पहिलं कारण हे वळण आहे.

२. काळू

केंद्र एका जुन्या धावपट्टीवर होतं. भोवती शेतं, पट्टीच्या कडेला पॅकिंगची पत्र्याची शेड, शेडमागं एक लिंब. पहिल्याच पावसाळ्यात तिथं एक पिल्लू आलं, सगळं काळं, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. मी त्याला भाकर घातली आणि ते माझं झालं. वर्षभरात त्याची सगळ्यांशी दोस्ती झाली. उड्या चालू असताना मी त्याला लिंबाला साखळीनं बांधायचो, शेवटची फेरी उतरली की सोडायचो. नियम माझाच होता. कुणी लेखी दिलेला नव्हता.

फेब्रुवारीतला रविवार होता, गर्दी होती. दुपारी त्याच्या भांड्यातलं पाणी सांडलं आणि ते केविलवाणं ओरडायला लागलं. मी पाणी घेऊन गेलो. साखळी बुंध्याला गुंडाळली गेली होती, ती सोडवायची म्हणून कडी काढली. तेवढ्यात शेडमधून हाक आली. मी म्हटलं, आत्ता आलोच, आणि गेलो. दोन मिनिटांचं काम होतं.

वरून टँडमची जोडी उतरत होती. पुढं बांधलेली कॉलेजातली मुलगी, मागं इन्स्ट्रक्टर. मुलीचे वडील कडेला मोबाईल धरून उभे. काळू त्या इन्स्ट्रक्टरला ओळखायचा. रोज संध्याकाळी त्याच्या हातचं बिस्कीट खायचा. छत्री खाली येताना दिसली तसा तो शेपटी हलवत मैदानात पळाला. आनंदानं पळाला, हे मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. कान मागं, तोंड उघडं.

इन्स्ट्रक्टरनं त्याला वाचवायला डावी दोरी ओढली. छत्रीच्या कापडाचा आवाज बदलतो तेव्हा, भर्रर्र असा. ज्यानं तो एकदा ऐकला त्याला मान वर करून बघावं लागत नाही. दोघं आडवी जमिनीवर आली. इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर निभावलं. मुलीचा घोटा मोडला.

मी पोचलो तेव्हा ती दात आवळून बसली होती. तिनं पहिला प्रश्न केला, ‘कुत्र्याला लागलं का?’

वडील एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. काळू पाच हातांवर जमिनीला पोट टेकून बसला होता. काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं होतं. संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये लिहिलं : कुत्रा मी सोडला. खाली सही केली. त्या ओळीत काळूचा दोष कुठंच नव्हता, आणि कुत्र्यांच्या बाबतीत माझं सगळं म्हणणं त्या ओळीतून निघतं.

३. मैदानावर सगळे वर बघत असतात

भाचा म्हणाला, ‘पण मामा, आमच्या कुत्रीला पट्टा असतो. बायको वर गेली की मी धरून उभा राहीन.’

पट्टा धरणाऱ्या माणसाकडं मी साडेचार वर्षं पाहिलं आहे. विमान वर गेलं की त्याची मान वर जाते. छत्री उघडली की तो दुसऱ्या हातानं मोबाईल काढतो. आपलं माणूस खाली यायला लागलं की तोंडातून हाक निघते आणि मूठ सैल होते. हा निष्काळजीपणा नाही. जिवाभावाचं माणूस आभाळातून येतंय, दुसरं काही सुचणारच नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी कुत्र्यालाही ते माणूस ओळखू येतं. वरून ओळखीची हाक आली, वास आला, की ते त्या आवाजाच्या रोखानं सुटतं. अनोळखी भटकं कुत्रं छत्रीला भिऊन पळतं. मालकाचं लाडकं कुत्रं छत्रीकडं पळतं. म्हणून मला भटक्यापेक्षा पाहुण्यांच्या कुत्र्याची भीती जास्त.

गाडीत कोंडून ठेवतो म्हणणारेही येतात. तसं करू देऊ नये. आमच्या मराठवाड्यातल्या उन्हात बंद गाडी काय होते हे सांगायची गरज नाही. काच चार बोटं उघडी ठेवल्यानं काही फायदा होत नाही. उडीचा नंबर यायला वारा बघून कधी कधी चार-चार तास लागतात.

४. फिरता पंखा दिसत नाही

बाळापूरच्या स्टँडवर मोटारसायकलच्या चाकामागं भुंकत धावणारी कुत्री आपण रोज बघतो. तेच कुत्रं विमानाच्या चाकावर धावून जातं. चाकाच्या पुढं पंखा असतो. पूर्ण वेगात फिरणाऱ्या पंख्याची पाती माणसालाही दिसत नाहीत, नुसती हवा थरथरल्यासारखी वाटते. त्यात गर्दीच्या दिवशी इंजिन बंद न करताच पुढची खेप चढवतात. पायलटला नाकाच्या पुढचं, जमिनीलगतचं काही दिसत नाही.

एकदा काळू त्या पंख्यापासून माझ्या हाताच्या अंतरावर होता. त्याच्या मानेची कातडी मुठीत आली म्हणून वाचला. त्या दिवसापासूनच साखळी सुरू झाली होती.

आणि हे आमच्यासारख्या उघड्या पट्टीपुरतं नाही. १३ नोव्हेंबर २०२३ ला गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर कुत्रं आलं म्हणून बंगळूरहून आलेलं प्रवासी विमान उतरू शकलं नाही, परत बंगळूरला गेलं. तिथं भिंत आहे, टॉवर आहे, गाड्या आहेत. आमच्याकडं एक शिट्टी होती आणि मी.

५. कापडाला माफ करता येत नाही

हे थोडक्यात. पॅकिंगच्या शेडमध्ये छत्री जमिनीवर लांब पसरतात, दोऱ्या सरळ करतात, मग घडी घालतात. एकदा घडी घालताना एका कोपऱ्याला ओल लागली. नाकाशी नेलं, कळलं. एका पाहुण्याचा छोटा पोमेरियन नुकताच तिथून गेला होता. नायलॉनचं आणि आम्लाचं वैर आहे. कापड वरून धडधाकट दिसतं आणि आतून ताकद गेलेली असते. त्यामुळे छत्रीवर काय सांडलं याची खात्री नसेल तर ती तपासणी होईपर्यंत वापरातून काढायची, यात घासाघीस नाही. ज्याची छत्री होती त्याचा तो दिवस गेला. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं.

नखानं पडलेलं सुईएवढं भोक, तोंडात धरून ओढलेली पायलट छत्री (मोठी छत्री बाहेर ओढणारी छोटी छत्री), दोऱ्यांत अडकलेलं पिल्लू, हे सगळं मी पाहिलं आहे. शेडच्या उंबऱ्याच्या आत कुत्रं नको. मालकाचं नको आणि केंद्राचंही नको.

६. फौजेनं कुत्रं नेलं, पण शिकवून नेलं

भाच्यानं मला इंटरनेटवरचे फोटो पाठवले : परदेशात लोक कुत्र्याला छातीशी बांधून उड्या मारतात. ‘मग हे काय?’

कुत्रं आणि छत्री यांची गाठ फार जुनी आहे. १७८५ मध्ये फ्रान्सच्या ब्लांशारनं फुग्यातून छत्री बांधून कुत्रंच खाली सोडलं होतं, कारण स्वतःच्या आधी त्याला दुसऱ्याचा जीव पणाला लावून बघायचा होता. ते कुत्रं सुखरूप उतरलं, तरी मला तो प्रयोग आवडत नाही. कुत्र्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या १३ व्या पॅराशूट बटालियननं कुत्र्यांना उड्या शिकवल्या. त्यांत एक अल्सेशियन कुत्री होती, नाव राणी. इंग्रज पलटणीत राणी हे आपलं नाव, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या कुत्र्यांना आधी दिवसेंदिवस विमानाच्या इंजिनांच्या आवाजात बसवलं गेलं, मग उडीच्या आधी उपाशी ठेवलं जायचं; त्यांना सांभाळणारा हँडलर स्वतःजवळ मांसाचा तुकडा घेऊन पुढं उडी मारायचा आणि मागून कुत्रं. बिंग नावाचा त्यांच्यातलाच एक ५-६ जून १९४४ च्या रात्री नॉर्मंडीत उतरला, झाडात अडकला, जखमी झाला, तरी पुढं कामावर राहिला. १९४७ मध्ये त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालं.

आपल्या फौजेतही कुत्र्याला मान आहे. मेरठच्या आरव्हीसी (रिमाउंट व्हेटरनरी कोअर) सेंटरला त्यांचं शिक्षण होतं; मुधोळच्या हाऊंडलाही तिथं घेतलं. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत २१ आर्मी डॉग युनिटची केंट, सहा वर्षांची लॅब्रेडोर, हँडलरला वाचवताना गेली. तिला तिरंग्यात निरोप दिला गेला.

फौजेतल्या या सगळ्या कुत्र्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकाला एक ठरलेला माणूस होता आणि त्या माणसाला दुसरं काम नव्हतं. विमानाच्या मैदानावर शिकवलेलं कुत्रं चालतं, केंद्राचं पक्कं बांधलेलं कुत्रं चालतं. मधल्या अवस्थेतलं, थोडं लाडावलेलं, थोडं मोकळं, ‘ते काही करत नाही हो’ असं कुत्रं चालत नाही. आमचा काळू त्या मधल्या अवस्थेत होता, आणि त्याला तिथं मी ठेवलं होतं.

७. भाकर द्यावी, पण जागा बघून

आमच्या जिल्ह्यातलं नरसी हे नामदेव महाराजांचं गाव. कुत्र्यानं भाकर पळवली तर कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावणारे महाराज. ती गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली. त्या मातीतला माणूस कुत्र्याला दगड मारा म्हणणार नाही.

पण कुत्रं भाकरीपाशी राहतं. अपघातानंतर केंद्राच्या मालकांनी सांगितलं की काळूला पोत्यात घालून लांब सोडून या. मी हात जोडले, महिना मागितला. तेव्हा लक्षात आलं की पट्टीवर एकटा काळू नव्हता, सात-आठ कुत्री फिरत होती, आणि ती माझ्या भाकरीवर व कँटीनच्या खरकट्यावर जगत होती. मी खरकट्याला झाकणाचा ड्रम आणला. कुत्र्यांच्या भाकरीची जागा हळूहळू सरकवत पट्टीच्या पार पलीकडं, ओढ्याकाठी नेली आणि वेळ ठरवली : शेवटचं विमान बंद झाल्यावर. रोज पन्नास पावलं पुढं. तीन आठवड्यांत कुत्री ओढ्याकाठी बसायला लागली. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून त्यांना रेबीजच्या लशी टोचून घेतल्या.

हा प्रश्न मोठ्या मैदानांनाही चुकलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, पॅरा ॲथलेटिक्सच्या जागतिक स्पर्धेच्या वेळी, परदेशी प्रशिक्षकांना भटकी कुत्री चावली. देशाची मान खाली गेली. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्टँड, रेल्वेस्टेशन इथून कुत्री हलवा, नसबंदीनंतरही त्याच जागी परत सोडू नका, कुंपणं घाला, असा आदेश दिला. कुत्र्यांवर माया करणारे बरेच जण दुखावले. मला मैदानापुरता तो आदेश पटतो. मात्र हलवायचं म्हणजे नेऊन कुठं ठेवायचं, तिथं पाणी-भाकर कोण देणार, हे आधी ठरलं पाहिजे. ते न ठरवता हलवणं म्हणजे पोत्यात घालून सोडण्यासारखंच आहे.

८. मग भाच्याला काय सांगितलं

उड्यांच्या दिवशी पाहुण्यांचं कुत्रं गेटच्या आत नको. त्यात सूट नको, पट्टा असला तरी नको. कुत्र्याला घरी ज्याची सवय आहे अशा माणसाकडं ठेवून या, किंवा दोघांनी वेगवेगळ्या दिवशी जा. केंद्रानंही हे पैसे भरतानाच सांगावं, दोनशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाला गेटवर सांगू नये. भाच्याचा राग खरा तिथं होता, आणि तेवढा तो मला मान्य आहे.

केंद्राचं स्वतःचं कुत्रं असेल, आणि रात्रीच्या राखणीला ते असावं, तर त्याला सावलीतला पक्का पिंजरा, पाणी, आणि एका माणसाचं नाव. त्या माणसानं दोन मिनिटांसाठीसुद्धा ‘आत्ता आलोच’ म्हणू नये.

९. बाळापूर

मालकांकडून मागून घेतलेला महिना संपायच्या आत मी काळूला एक गोष्ट शिकवली. इंजिनचा आवाज आला की लिंबाखाली जायचं आणि बसायचं. राणीला ज्या पद्धतीनं शिकवलं असं वाचलं होतं तशीच पद्धत, आवाज आणि खाणं. लांबून सुरुवात केली, रोज थोडं जवळ. बिस्किटाचे एवढे-एवढे तुकडे. विसाव्या दिवसानंतर तो मी न सांगता जाऊ लागला. साखळी तरीही मी लावायचो.

काम सोडलं तेव्हा त्याला तिथं ठेवणं मनाला पटलं नाही. एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं आम्हा दोघांना गावाजवळच्या वारंगा फाट्यापर्यंत आणलं. आता तो म्हातारा झालाय, छातीवरचा ठिपका सोडून तोंडावरही पांढरं आलंय. पहाटे मी भरतीच्या पोरांना पळवतो, पोलिसची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटर, पोरी आठशे. मैदानावर गावातली कुत्री त्यांच्या पायांत यायची. पोरं दगड उचलायची. मी त्यांना दगड टाकायला लावले आणि भाकरीची जागा शाळेच्या भिंतीपलीकडं नेली, तशीच, रोज पन्नास पावलं. ‘मेजर, यानं काय होणार?’ असं विचारणारीच पोरं आता आळीपाळीनं घरून भाकर आणतात.

काळू माझ्याबरोबर हळदीच्या रानात असतो. कधी नांदेडकडं जाणारं विमान वरून जातं. पोरं पाटात उभी राहून वर बघतात. काळू वर बघत नाही. उठतो, बांधावरच्या लिंबाखाली जातो आणि बसतो. आवाज पार विरेपर्यंत मीही त्याला हाक मारत नाही.